रिकाम्या पोटी

"डॉक्टर, कॅमेरा तोंडातून आत जातो, मग बाहेर कुठून येतो?"

मैत्रिणींनी "विचारून दाखव" म्हणून पैज लावली होती, म्हणून हॉस्पिटलचा झगा घालून बसल्याबसल्या मी विचारलंच. डॉक्टर खो खो हसले. "तोंडातूनच! त्याच्या टोकावर सोनोग्राफीचं छोटं यंत्र असतं. तुझ्या पित्तनलिकेत खडा आहे का, ते आज कळेलच. सकाळपासून पोटात काही नाही ना?"

मी शेजारी उभ्या आई-बाबांकडे बघितलं.

"काही नाही हो," आई म्हणाली. "निघताना देवापुढचा पेढा तेवढा भरवला."

डॉक्टरांचं हसू गेलं. "मग आज भूल देता येणार नाही."

मागच्या तारखेलाही हेच! तेव्हा बाबांनी "नुसता घोटभर" म्हणत चहा पाजला होता. माझे डोळे हळदीसारखे पिवळे झालेत, अंगाला सारखी खाज सुटते, आणि आता पुन्हा नवी तारीख!

"अगं, देवाचं कधी खाणं असतं का?" आई पुटपुटली.

"ऐका दोघंही," मी म्हणाले. "पुढच्या वेळी मी आदल्या दिवशीच इथे ॲडमिट होणार. तुम्ही सकाळी भेटायला या. रिकाम्या हातांनी!"