आत येऊ का?

"पाच हजार पत्ते आहेत, वहिनी! आजच्या आज पाच हजार घरांत तुमचं पत्र!" असं म्हणत दिरानं पेनड्राइव्ह काउंटरवर टाकला. तो नेमका पितळेच्या किसात जाऊन पडला.

कुलूपवालीनं किल्ली कापायचं मशीन बंद केलं. "या पाच हजारांना विचारलंय का कुणी?"

"ईमेल पाठवायला कसलं विचारायचं? पत्ता मिळाला की पाठवायची."

"भाऊजी, मला या शहरातली निम्मी दारं उघडता येतात. म्हणून बोलावल्याशिवाय जाते का मी कुणाकडे?"

दीर जाहिरातीच्या धंद्यातला. वहिनी हातची गेली, असं त्याचं मत पडलं. पेनड्राइव्ह फुंकून त्यानं खिशात घातला आणि निघून गेला.

नंबर दाबून उघडणारी कुलुपं आल्यापासून तिच्या दुकानात माशा मारायची वेळ आली होती. लोकांनी विसरू नये म्हणून ती दर शनिवारी ईमेलनं एक छोटं पत्र लिहायची. किल्ली दारातच तुटली तर काय करू नये, अडकणाऱ्या कुलपात पेन्सिलीची पूड कशी घालावी, आणि शेवटी आठवड्यातली एक फजिती, अर्थात गिऱ्हाइकाची ओळख न देता. एक गृहस्थ तासभर किल्लीला शिव्या घालत होते आणि दार शेजाऱ्याचं होतं, हे पत्र तर शिंप्यानं आपल्या दुकानात मोठ्यानं वाचून दाखवलं होतं.

यादीचा नियम सरळ होता. काउंटरवर वही. पत्र हवं असेल त्यानं आपल्या हातानं पत्ता लिहायचा. मग त्याला एक मेल जायची. पाठवणार ‘कुलूप-किल्ली’, विषय ‘आत येऊ का?’, आणि खाली एक बटण, ‘हो, या’. ते दाबलं तरच नाव यादीत. नाही दाबलं तर पुन्हा विचारायचं नाही. ‘आत येऊ का?’ हे तीन शब्द सुचायला तिला तीन दिवस लागले होते. त्यांच्यावर ती बेहद्द खूश होती.

बारा आठवडे झाले. वहीत त्रेपन्न पत्ते होते आणि यादीत अकरा. त्या अकरांत एक नवरा, ज्यानं खात्री म्हणून बटण दोनदा दाबलं होतं.

उरलेले बेचाळीस पत्ते सासूबाई आणि त्यांच्या व्यायामाच्या गटातल्या एक्केचाळीस मैत्रिणींचे. एका सकाळी सगळ्या जणी घामाघूम होऊन दुकानात शिरल्या होत्या आणि एकाच पेनासाठी ढकलाढकली करत त्यांनी पत्ते लिहिले होते. त्यातल्या एकीनंही बटण दाबलं नाही. भिडेखातर लिहिलं असणार बिचाऱ्यांनी, असं म्हणून कुलूपवालीनं मनावर दगड ठेवला.

इकडे घरात सासूबाईंनी अबोला धरला. मीठ हवं असलं तरी त्या भिंतीकडे बघून मागायच्या.

"आई रुसलीय," नवरा म्हणाला. "शिंप्याला पत्र येतं, दातांच्या डॉक्टरणीला येतं, आणि घरातल्या माणसाला नाही."

"त्यांनी बटणच दाबलं नाही."

"मग तू दाब ना! फोन तिथंच चार्जिंगला आहे. आणि तुला उघडायला कितीसं अवघड?"

"मला उघडता येतं, म्हणूनच मी हात लावत नाही."

पण त्या भिंतीशी बोलण्यानं तिचा जीव कासावीस झाला. दुपारी सासूबाई चष्मा पुसत बसल्या होत्या, तेव्हा ती नियम मोडून समोर जाऊन बसली.

"आई, एकदाच तोंडानं विचारते. माझं पत्र हवंय का तुम्हाला? हवं असेल तर मी पाठवलेल्या मेलमधलं बटण दाबा."

"तुझी कुठली मेल? मला तर एका चोराची आली होती!" सासूबाई अबोला विसरल्या. "कुलूप-किल्ली घेऊन दारात उभा आणि वर मला विचारतो, आत येऊ का? उडवून टाकली! नशीब माझं लक्ष होतं. बागेत बाकावर उभी राहून सगळ्यांना सांगितलं, की कुणीही ‘हो, या’ म्हणायचं नाही. एक्केचाळीस बायकांची घरं वाचवली मी!"

कुलूपवालीला हसावं की रडावं कळेना. तिनं आधी एक केलं आणि मग दुसरं. खुलासा ऐकताना सासूबाईंचा चेहरा हळूहळू उतरत गेला. मग त्यांनी फोन तोंडाजवळ धरला आणि गटाला खणखणीत आवाजात निरोप पाठवला, "मैत्रिणींनो, तो चोर नाही! ती आमची सून आहे! येऊ द्या तिला आत!"

दिवेलागणीपर्यंत एक्केचाळीस ‘हो, या’ आले. सासूबाईंसाठी कुलूपवालीनं नवीन मेल पाठवली. त्या मेलचं उत्तर मात्र येईना.

शनिवार आला, गेला. बावन्न जणांना पत्र पोचलं. सासूबाई आता बोलत होत्या, गुणगुणतही होत्या. जेवणानंतर रोज ती मेल उघडायच्या, डोळ्यांजवळ धरून वाचायच्या आणि फोन हलकेच उशाशी ठेवायच्या.

शेवटी कुलूपवालीला राहवलं नाही. "आई, नको असेल तर तसं सांगा. मला राग नाही येणार."

"हवंय गं," सासूबाई म्हणाल्या. "पण माझं लग्न ठरवताना मला कुणी विचारलं नाही. हे घर घेताना नाही. तुझ्या नवऱ्यानं तर लग्न ठरवूनच मला सांगितलं. आता कुठं कुणीतरी विचारतंय, तर लगेच ‘हो’ म्हणून संपवून टाकू होय?"