रोजच्या वीस

टिक्. मग जरा थांबून, टिक्, टिक्.

भर दुपारी घर चिडीचूप होतं. स्वयंपाकघरात कोमट पाण्यात पावडर कालवता कालवता तिचा हात थांबला. आवाज बाहेरच्या खोलीतून, पिंजऱ्याखालच्या ट्रेमधून आला होता. हात न पुसताच ती धावली.

पिंजऱ्याजवळ पाच वर्षांची ठकी मांडी घालून बसली होती. "हळू, आई. वकीलसाहेबांचं झालं."

ट्रेमध्ये लेंड्या पडल्या होत्या.

अंगावर काळा कोट आणि गळ्याशी पांढरा पट्टा, म्हणून ससा वकीलसाहेब. आदल्या दिवशी त्यांच्या दोन दाढा काढल्या होत्या. भूल उतरल्यापासून ते कोपऱ्यात पाठ करून बसले होते. पुढ्यातल्या वाळल्या गवताकडे ढुंकूनही बघत नव्हते.

मायलेकींनी मिळून मोजल्या. वीस.

तिचे डोळे भरून आले. डॉक्टरांनी घरी पाठवतानाच बजावलं होतं, "सशाचं खाणं थांबलं की आतडी थांबतात, आणि आतडी थांबली की ससा हातचा जातो. ट्रेवर लक्ष ठेवा. दिवसाला वीस तरी लेंड्या पडायला हव्यात. नाही पडल्या तर लगेच इकडे आणा, एक तासही थांबू नका."

परतताना मांडीवरच्या खोक्याला मिठी मारून ठकीने विचारलं होतं, "वीस पडल्या तर नाही ना परत न्यायचं?"

"वीस पडल्या तर घरीच राहायचं."

ठकीला वीसपर्यंतचे आकडे नुकतेच यायला लागले होते.

भरवणं म्हणजे मात्र कुस्ती होती. सशाला टॉवेलात गुंडाळायचं, बिनसुईची सिरिंज पुढच्या दातांच्या बाजूने आत सरकवायची, कालवलेली पावडर थेंब थेंब सोडायची. दोन थेंब आत गेले की चार गळपट्ट्यावर ओघळायचे. सासूबाई चष्मा वर करून बघत होत्या.

"पिठाच्या पाण्यावर कुणी जगतं का? काहीतरी कुरकुरीत दे त्याला."

"टाके आहेत, आई. कुरकुरीत गेलं तर उसवतील."

"मी आपलं बोलले. याच्या लेंड्यांवर माझे गुलाब पोसलेत, म्हणून जीव तुटतो हो. नाहीतर मला काय."

दुसऱ्या दिवशीही वीसच पडल्या.

पण टॉवेल पिळून काढण्याइतका ओला होता. गवताची एक काडी हलली नव्हती. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वकीलसाहेब सत्तर ग्रॅमने उतरले होते. तिने एक लेंडी बोटांत धरून दाबली. खडखडीत वाळलेली. पातळ पावडरीवर असलेल्या सशाची लेंडी इतकी कोरडी?

कुठेतरी पाणी मुरत होतं. कुणीतरी त्याला चोरून कोरडं खायला घालत होतं.

ती खाली वाकली. पिंजऱ्यासमोर फरशीवर बिस्किटाचा चुरा होता. घरात बिस्किटांचा डबा एकाच व्यक्तीच्या उशाशी असायचा.

"आई, तुम्ही त्याला बिस्किट दिलंत?"

"मी? माझं मला पुरत नाही."

"मग हा चुरा कसला?"

"सकाळी चहा इथे बसून प्यायले. सशाशी दोन शब्द बोलायचीही चोरी झाली का आता या घरात?" सासूबाईंनी खुरपं उचललं आणि गॅलरीची वाट धरली. तिथून आवाज आला, "माझ्या कुंड्या रोज कोण उकरतं, ते मात्र कुणी शोधायचं नाही."

"मांजर असेल," ती म्हणाली. तिचं लक्ष डब्याकडे होतं.

संध्याकाळी तिने डॉक्टरांना फोन लावला.

"लेंड्या पडतायत ना?"

"हो, वीस. कालही वीसच."

"मग आणू नका. उगाच प्रवासानं घाबरेल."

"पण वजन उतरलंय."

"काटा घरचाच ना? लेंड्या पडतायत म्हणजे पोट चालू आहे. निर्धास्त राहा."

बिस्किटाचं तिने सांगितलं नाही. घरातल्या कागाळ्या डॉक्टरांपुढे कशाला न्यायच्या?

तिसऱ्या दिवशी वकीलसाहेबांचे कान गार लागले. त्यांना उचललं तर ओल्या फडक्यासारखे हातात लोंबले. तिने मनाशी ठरवलं. आज चोर रंगेहाथ पकडायचा, बिस्किट काढून घ्यायचं आणि काय काय पोटात गेलंय ते डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं.

जेवणं झाल्यावर ती मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "मी बाजारात जाऊन येते हो." चपला वाजवत दोन जिने उतरली. मग चपला हातात घेऊन अनवाणी वर आली आणि लोटलेल्या दाराआड उभी राहिली.

बराच वेळ काही नाही. मग गॅलरीचं दार करकरलं. हलकी पावलं पिंजऱ्यापाशी येऊन थांबली. कुणीतरी कुजबुजत होतं. पाठोपाठ बिस्किटाचा तुकडा मोडावा तसा बारीक आवाज आला. पुन्हा एक. पुन्हा एक.

तिने दार ढकललं.

आतल्या खोलीतून सासूबाईंच्या घोरण्याचा आवाज येत होता. बिस्किटांचा डबा त्यांच्या उशाशी बंद होता.

वकीलसाहेब कुशीवर पडले होते, डोळे अर्धे मिटलेले. ट्रेपुढे ठकी बसली होती, मातकट हातांनी आकडे मोजत. आईला बघून ती दचकली नाही. उलट तिला हायसंच वाटलं.

"एकोणीसच झाल्या गं आई," ती म्हणाली. "आजीच्या कुंड्यांतल्या सगळ्या संपल्या. विसावी कुठून आणू?"