खालची खोली

“आजींची गरम पाण्याची पिशवी कुठे लपवू?” कांचन खालच्या खोलीतून ओरडली.

“गाडीच्या ट्रंकमध्ये टाक! आणि हळू बोल जरा!” सावनीताई तिच्या दुप्पट ओरडली.

पलंगावरची शाल गेली, कांचनचं जॅकेट आलं. टेबलावरचा गणपती गेला, तिचा मेकअपचा डबा आला. आजींची बॅग तेवढी पटकन उचलता आली. इथे येऊन इतके महिने झाले तरी त्यांनी कपडे कपाटात लावलेच नव्हते. लागेल तसा ब्लाउज काढायचा, चेन परत बंद.

कांचन इचलकरंजीची. अमेरिकेत, नोव्हायच्या या घरात एक वर्ष राहून सावनीताईच्या छोट्या अनिकाला सांभाळायचं, असा तिचा व्हिसा. तिला पाठवणाऱ्या एजन्सीचा सगळ्यात कडक नियम म्हणजे मुलीला घरात स्वतःची खोली पाहिजे, दार लागणारी. तिला होतीच की! ही खालचीच. पण गेल्या महिन्यात सावनीताईचा नवरा मिहीरदादा म्हणाला, “आईला जिना नको यार, तिला खाली देऊ.” आणि कांचनची गादी वर अनिकाच्या पलंगाशेजारी जमिनीवर पडली. “तू काय परकी आहेस का गं?” सावनीताई म्हणाली होती. वर मिहीरदादाची एक अख्खी खोली ऑफिसला होती. ती रिकामी करायचं कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. कांचनच्या आलं होतं. पण तिने ते ओठांवर येऊ दिलं नाही.

आज सकाळी एजन्सीच्या कोऑर्डिनेटरचा फोन आला. तुमच्याकडच्या मुलीला खोली नाही असं कुणीतरी कळवलंय, मी बघायला येतेय.

“मी नाही सांगितलं,” कांचन चौथ्यांदा म्हणाली.

“मग काय, अनिकाने सांगितलं?” सावनीताई उशीचा अभ्रा बदलता बदलता म्हणाली. “सांभाळून घेतलं तुला, आणि तू...”

“नाही म्हणाले ना मी!” कांचनने उशी आपटली. घरात नियम मोडलेला सापडला तर आजच बॅग घेऊन निघायचं. दोन आठवड्यांत दुसरं घर मिळालं तर ठीक, नाहीतर विमान. इचलकरंजीत तिचा भाऊ वाटच बघत होता. ‘हिचा स्वभाव बघता दिवाळीच्या आत परत येते बघ,’ असं तो गल्लीभर सांगून बसला होता.

सरलाआजी, म्हणजे मिहीरदादाची आई, हॉलमध्ये सोफ्यावर बसून चहा पीत होत्या. शेजारच्यांचं सामान चाललंय अशा नजरेने सगळं बघत होत्या.

बेल वाजली.

डायेन नावाची ती बाई आली, बूट काढले, हसली. थेट खोलीत. कपाट उघडलं, दार लावून बघितलं. अनिका आयपॅडची लाच घेऊन गप्प होती.

“तू इथे झोपतेस?” डायेनने इंग्रजीत विचारलं.

“हो.”

“छान. मग ग्रँडमा कुठे झोपतात?”

सगळं लपवलं, पण आजींचं काय सांगायचं हे कुणी ठरवलंच नव्हतं!

“आई ना? वर,” मिहीरदादा घाईने म्हणाला. “शी लाइक्स इट अपस्टेअर्स.”

डायेन हॉलमध्ये आली. तिने आजींच्या सुजलेल्या गुडघ्यांकडे बघितलं, जिन्याकडे बघितलं. आजी कप खाली ठेवून म्हणाल्या, “आय स्लीप इन दॅट रूम. द गर्ल स्लीप्स ऑन द फ्लोअर.” अगदी शाळेतल्या बाईंसारखं, स्वच्छ इंग्रजी. इथे आल्यापासून आजींना परक्या माणसाशी बोलताना कांचनने कधी ऐकलंच नव्हतं. कायम मिहीरदादाच त्यांच्या वतीने बोलायचा.

कांचनला वाटलं तो कप उचलून भिंतीवर मारावा. म्हातारीने गेम केला!

डायेनचं हसू गेलं. “आजपासून ती खोली खरोखर हिची असेल, तर मी तसं लिहिते. नसेल, तर ही आत्ता माझ्याबरोबर येईल.”

सावनीताई मिहीरदादाकडे बघायला लागली, मिहीरदादा जमिनीकडे. कांचनला कळून चुकलं. स्वतःच्या आईला चार लोकांसमोर खोलीतून उठवणारा मुलगा कुठे असतो? तेसुद्धा एका कामाच्या पोरीसाठी? ती बॅग भरायला वळली.

“थांब गं,” आजी म्हणाल्या. “मिहीर, खोली तिची तिला दे. फोन मीच केला होता.”

“तू?” मिहीरदादाचा आवाज चिरकला. “आई, का पण?”

“मला नाशिकला, माझ्या घरी जायचंय. आता तुझ्या घरात मला जागा नाही. कायदाच आहे. तिकीट काढ.”

“अगं, जायचं होतं तर मला सांगायचंस ना सरळ!”

आजींनी त्याच्याकडे बघितलं. रागाने नाही, दमून.

“सांगितलं की. पहिल्यांदा सांगितलं, तू हीटर आणलास. दुसऱ्यांदा सांगितलं, तू मराठी चॅनल लावून दिलंस. तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा तू या पोरीची खोली काढून मला दिलीस.”