खिळ्यावरच्या आठ माळा

माझी नात श्रेया रक्ताच्या कॅन्सरने परळच्या इस्पितळात आहे. चौथी किमोही लागू पडलेली नाही.

शाळेसाठी आम्ही दोघींनी डीएनएची दुहेरी माळ ओवली होती. लाल मण्यासमोर पिवळा, निळ्यासमोर हिरवा.

"पेशी हिचीच नक्कल करते, आजी. मणी चुकवू नकोस, नाहीतर माझं माकड होईल!"

ती माळ डिलाईल रोडच्या आमच्या खोलीत खिळ्याला टांगली आहे.

सोमवारी तिथे दोन माळा दिसल्या. मंगळवारी चार. आज दुपारी आठ. आम्ही ओवलेली तेवढी बरोबर होती. बाकी सातही माळांत एका लाल मण्यासमोर हिरवा होता.

डॉक्टर म्हणाले होते, तिच्या रक्तात चुकीच्या नकला वाढताहेत. मी कात्री घेतली आणि एक माळ कापली.

लगेच फोन वाजला. श्रेयाचा आवाज.

"आजी, बरं वाटतंय गं. अजून काप."

फोन कानाशी धरून मी उरलेल्या सहाही चुकीच्या माळा कापल्या.

"आता शेवटची."

"ती आपली आहे, बाळा. ती बरोबर आहे."

"तीच काप."

फोनमध्ये मागे कुणीतरी रडत होतं, अगदी श्रेयाच्याच आवाजात. "आजी, नको गं!"