दिगंबररावांची निळी बाहुली

तेराव्याचे पाहुणे पांगल्यावर कुमुदिनीबाईंनी निळ्या झिलईची वीतभर बाहुली मोरीत उभी केली. इजिप्तच्या थडग्यांतल्या असल्या बाहुल्या म्हणे मेलेल्या धन्याच्या वतीने परलोकात राबायच्या. हिच्यात दिगंबररावांचा अख्खा मेंदू उतरवला होता, आणि राबायचं इथेच होतं. जन्मभर स्वतःचं ताट न उचललेला नवरा मेल्यावर तरी उपयोगी पडेल, एवढीच बाईंची अपेक्षा होती.

“अहो, भांडी घासा,” त्या म्हणाल्या.

“हजर आहे,” बाहुली दिगंबररावांच्याच आवाजात म्हणाली आणि पाय पसरून बसली. “आधी चहा टाक.”

“प्यायला पोट तरी आहे का? मेलं मडकं!” बाई फणकारल्या.

मग त्यांनी त्याहून तुच्छतेने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. त्याने गॅस पेटवला होता.