तोफ दारातच अडली

कॉलनीतली माणसं तिला तोफ म्हणायची. कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटवर होऊ घातलेल्या इमारतीची आज नगरपालिकेत सुनावणी होती आणि तिथं ही तोफ धडाडणार होती. पण पोराला सांभाळणाऱ्या मावशींचाच पत्ता नव्हता. तिनं परत फोन लावला.

"ताई, पहिली बस उशिरा आली, म्हणून दुसरी चुकली बघा."

"रोजचं रडगाणं आहे तुमचं! एवढ्या लांब राहायचंच कशाला म्हणते मी? इथंच जवळ बघा की एखादी खोली."

"इथलं कुठं परवडतंय, ताई?"

तिनं फोन सोफ्यावर आपटला. नवरा ऑफिसात, सासूबाईंचे गुडघे धरलेले. शेवटी पोराला काखोटीला मारलं, दुसऱ्या हातात काल रंगवलेला फलक घेतला आणि धापा टाकत सभागृह गाठलं. दारात शिपाई आडवा आला.

"बाई, लहान मुलांना आत सोडत नाहीत."

"मग याला ठेवू कुठं? तुमच्या डोक्यावर? घराबाहेर पडणाऱ्या बाईनं पोर ठेवायचं तरी कुठं, सांगा ना! एवढ्या मोठ्या गावात साधी एवढी सोय नसावी?"

तिचा आवाज आतपर्यंत गेला. सगळ्यांच्या माना मागं वळल्या. शिपाई मात्र गुपचूप तिच्या हातातला फलक वाचत होता.



'स्वस्त घरं नकोत! पाळणाघर तर नकोच नको!'