रेझोच्या नावाचा पेला

"सोमवारी," थेंगिझ म्हणाला. "सोमवारी रेझो या अंगणात असेल. माझा शब्द."

उशांगीने हातातला पेला खाली ठेवला. अक्रोडाच्या झाडाखालच्या लांब टेबलावर वीस-बावीस शेजारी जेवत होते, त्यांचे घास तोंडातच राहिले. तासभर उशांगी या उमेदवाराला सोलून काढत होता. पोटनिवडणूक परवावर आली होती आणि खालच्या आळीतली साठ घरं उशांगी सांगेल त्यालाच मत देणार, हे पार राजधानी तिबिलिसीपर्यंत ठाऊक होतं. एरवी सत्ताधारी पक्षाचा माणूस ऐन द्राक्षतोडणीत काखेती प्रांताच्या या टोकाला कशाला येतो?

उशांगीचं मागणं एकच होतं. त्याचा एकुलता एक मुलगा रेझो आठ महिन्यांपूर्वी पलटणीबरोबर अफगाणिस्तानात गेला होता, तो परत हवा होता. विरोधी पक्षाने 'आपली पोरं घरी आणा' म्हणून अर्ज काढला, तेव्हा पहिली सही त्यानेच ठोकली होती. थेंगिझने आल्या आल्या नेहमीचं पाठ भाषण म्हणून दाखवलं. जॉर्जिया केवढासा देश; आज मोठ्यांच्या लढाईत आपण उभे राहिलो, तर उद्या ते आपल्यासाठी उभे राहतील.

"आपल्याकडे रशियाचे रणगाडे शिरले तेव्हा कोण उभं राहिलं होतं?" उशांगीने विचारलं. "आपल्याच दाराला कडी नाही साहेब, आणि आपली पोरं लोकांच्या वाड्यावर पहारा देतायत."

टेबल खदखदून हसलं. थेंगिझ मात्र वाद घालायला निघाला नाही. गेल्या निवडणुकीत हाच माणूस एकाला तीन उत्तरं देत होता, आज त्याने ताटातलं कोंबडीचं तंगडंसुद्धा उष्टावलं नव्हतं. पेले तेवढे रिकामे करत होता. मग उशांगीने फोनचं काढलं. पोरगा दर बुधवारी न चुकता फोन करायचा, या बुधवारी आला नाही. तिकडे सगळ्यांचेच फोन बंद ठेवलेत, असं थेंगिझ ताटाकडे बघत पुटपुटला, आणि त्यावर कोणी काही विचारायच्या आत त्याने सोमवारचा शब्द देऊन टाकला.

उशांगी त्याला निरखत राहिला. पुढाऱ्याचे डोळे पाण्याने भरले होते. काही झालं तरी हाही लेकरांचा बाप आहे, असं उशांगीला वाटलं, आणि त्याचा सगळा ताठा विरघळला. खालची आळी तुमची, असं त्याने सगळ्यांदेखत जाहीर केलं. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून बायकोला हाक मारून सोमवारचं सांगितलं. लामारा पिठाच्या हातांनी दारात आली, पायरीवर मटकन बसली, छातीवर क्रूस रेखला, आणि भट्टीत चीज भरलेली खाचापुरी जळेल म्हणत लगेच उठून आत गेली. रेझोच्या परतीसाठी जमिनीत पुरून राखलेला वाइनचा रांजण उशांगीने त्याच पावली उघडायला लावला. घरची वाइन, घरचाच आनंद, मग सोमवारपर्यंत थांबायचं कशाला?

पंगतीत कोणाच्या नावाने कधी प्यायचं, हे ठरवायचा मान उशांगीचा. नवे पेले भरले तसा तो उठला, त्याच्यामागे सगळे उठले.

"हा पेला माझ्या रेझोचा," तो म्हणाला. "धडधाकट गेलाय, धडधाकट येऊ दे. आला की त्याचं लग्न उरकू. आणि साहेब, लग्नाला तुम्ही हवेतच."

पेल्याला पेला भिडला. थेंगिझचा सातवा पेला होता. त्याने तो कोणाच्याच पेल्याला भिडवला नाही. डाव्या हाताने पावाचा एक तुकडा मोडला, उजव्या हाताने पेला किंचित कलता केला. दोन-तीन थेंब पावावर पडले. पांढरा पाव लाल झाला.

हे कोणी कोणाला शिकवत नाही. आजोबांच्या उत्तरकार्याच्या जेवणात पोर बघतं आणि उचलतं. गेलेल्यांच्या नावाने पिताना पेले भिडवायचे नाहीत. पावावर थेंब सांडायचे, म्हणजे त्यांचा वाटा त्यांना पोचतो. जित्या माणसाच्या नावाने असं कोणी करत नाही, चुकूनही नाही. थेंगिझने दोन दिवस जीभ आवरली होती, पण हाताला निवडणूक कळत नाही.

आपण काय केलं हे त्याला सगळ्यांच्या शेवटी दिसलं. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेक करून माणसांनी पेले खाली ठेवले.

"कधी?" उशांगीने विचारलं.

"मंगळवारी. गाडीखाली सुरुंग फुटला." थेंगिझने पेला टेबलावर ठेवला. "सोमवारच्या विमानाने आणतायत. मतदानाआधी कुठे बोलायचं नाही, असं वरून सांगितलंय, काका."

उशांगीने टेबलाची कड धरली. शेजारच्या शोथाने सुरी मुठीत घट्ट धरली होती आणि तो उशांगीकडे बघत होता. उशांगीने नुसती मान डोलावली असती, तर थेंगिझ त्या अंगणातून चालत गेला नसता.

तेवढ्यात दार वाजलं. लामारा मोठं ताट दोन्ही हातांवर तोलत येत होती. पिठाचे हात धुतले होते, केस विंचरले होते, सणाचा रुमाल डोक्याला बांधला होता. रेझोची गादी उद्याच उन्हात टाकायला हवी, असं ती लांबूनच सांगत होती. आठ महिन्यांत तिचा चेहरा इतका सुखी उशांगीने पाहिला नव्हता.

उशांगीने थेंगिझच्या हातातला ओला पाव काढून घेतला, तोंडात टाकला आणि न चावताच गिळला.

"सगळे असे गप्प का?" लामारा हसत जवळ आली. "माझ्या पोराच्या नावाने अजून प्यायला नाहीत?"

"लामारा," उशांगी म्हणाला, "आधी ते ताट खाली ठेव."